रोगजंतूंची आयात : परवाना, प्रयोगशाळा आणि गावचा गोठा

बदनापूरचे नाव महाराष्ट्रातील शेतकऱ्याला तुरीमुळे ठाऊक आहे. जालना जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी असलेल्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेल्या तुरीच्या वाणांना ‘बीडीएन’ ही अक्षरे लावली जातात, आणि ती या गावाच्या नावावरूनच आलेली आहेत. परदेशातून बियाणे आणावयाचे झाल्यास त्याबरोबर परकी कीड किंवा रोग येऊ नये म्हणून आयात परवाना घ्यावा लागतो व बियाण्याची संगरोध तपासणी करावी लागते. ही व्यवस्था सध्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार चालते. पिकांच्या बाबतीत हे सर्व सहज पटते. बी हवे असते आणि रोग नको असतो. तेव्हा बी घ्यावयाचे व रोग बंदरावरच अडवावयाचा.

पशुरोगांच्या बाबतीत मात्र एक विलक्षण परिस्थिती उद्भवते. येथे कित्येकदा रोगाचा जंतूच हवा असतो. लस तयार करण्यासाठी, रोगनिदानाच्या चाचण्या पडताळून पाहण्यासाठी अथवा संशोधनासाठी जिवंत जंतू मुद्दाम, पैसे मोजून, दूरच्या देशातून आणावा लागतो. जे अडवावयाचे तेच आणावयाचे, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच त्यासाठी केलेले नियम इतर मालाच्या आयात नियमांहून वेगळे आहेत, आणि त्यांची शेवटची कडी थेट गावच्या गोठ्यापर्यंत येऊन पोहोचते.

कालवडीच्या लशीचा उगम

बदनापूर तालुक्यातील एखाद्या गावात ४ ते ८ महिने वयाच्या कालवडीला सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची लस टोचली जाते. तिच्यातील जंतूचा वाण ‘एस १९’ या नावाने ओळखला जातो. १९२३ साली अमेरिकेत एका जर्सी गाईच्या दुधातून हा जंतू वेगळा करण्यात आला. त्या वेळी तो चांगलाच जहाल होता. प्रयोगशाळेत वर्षाहून अधिक काळ साध्या तापमानात राहिल्यावर त्याची रोग निर्माण करण्याची शक्ती क्षीण झाल्याचे आढळले, आणि त्यातूनच जगभर वापरली जाणारी लस निर्माण झाली. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरा येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकुताबरोबर याच रोगाची निवड करण्यात आली. गावात टोचल्या जाणाऱ्या त्या थेंबामागे एका परदेशी गाईचा आणि एका परदेशी जंतूचा असा इतिहास आहे.

कोंबड्यांचेही तसेच. पिलू पाच-सात दिवसांचे असताना राणीखेत रोगाविरुद्ध डोळ्यात थेंब टाकला जातो. त्यासाठी वापरला जाणारा ‘लासोटा’ हा वाण अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचा. उलट मोठ्या पक्ष्यांना टोचला जाणारा ‘आर२बी’ हा वाण आपल्याकडील मुक्तेश्वरचा असून तो ‘मुक्तेश्वर वाण’ याच नावाने देशाबाहेरही परिचित आहे. जंतूंची ही देवाणघेवाण एकतर्फी नाही, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

सर्वांत मोठे उदाहरण बुळकांडीचे. या रोगाने गावेच्या गावे बैलांवाचून ओस पाडली. भारतात १९५४ साली राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. प्रारंभी शेळ्यांमध्ये वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस वापरली जाई. पुढे केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लॉराइट यांनी पेशीसंवर्धनावर सौम्य केलेल्या ‘काबेटे ओ’ या वाणाची लस आपल्याकडेही आली. १९९५ साली देशातील शेवटचा रुग्ण आढळला, २००६ साली भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त म्हणून मान्यता पावला आणि २०११ साली हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. आफ्रिकेतील जंतूचा वाण कोणीही, कधीही देशात येऊ दिला नसता तर मराठवाड्यातील बैलांचे रक्षण अधिक कठीण झाले असते. परवाना पद्धतीचा हेतू दरवाजा बंद करण्याचा नाही, तो कोणासाठी व कशासाठी उघडावयाचा हे ठरविण्याचा आहे.

पुण्यातून मुक्तेश्वरला

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यातील कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वास्तूत, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा उगम तेथे आहे. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख होते. अवघ्या चार वर्षांत, १८९३ साली, ही प्रयोगशाळा पुण्याहून उचलून कुमाऊँच्या डोंगरात, सुमारे साडेसात हजार फूट उंचीवरील मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. अत्यंत सांसर्गिक जंतूंवर काम करावयाचे तर ते वस्तीपासून व गुरांपासून दूर, अलग ठेवण्याची सोय असलेल्या जागीच केले पाहिजे, हे त्यामागील कारण होते.

त्या काळी आजच्यासारखी दाबनियंत्रित दालने नव्हती, हवा गाळणारी यंत्रे नव्हती. अंतर हेच संरक्षण होते. पुण्यासारख्या शहरातून, जेथे आसपासच्या खेड्यांतून रोज बैलगाड्या येत, तेथून बुळकांडीचा विषाणू बाहेर पडला असता तर काय झाले असते याचा विचार करून घेतलेला तो निर्णय होता. तज्ज्ञांना गैरसोयीचा, खर्चाचा आणि तरीही योग्य. जंतू कोण हाताळणार एवढेच न विचारता तो कोठे राहणार, हा प्रश्न प्रथम विचारला गेला. आजच्या परवान्याच्या अर्जातील निम्मे रकाने याच प्रश्नाचे आहेत.

जंतू कसे प्रवास करतात याचा धडा युरोपला १९२० साली मिळाला. भारतीय उपखंडातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरावरून गेली आणि त्या देशात बुळकांडी पसरली. या घटनेतूनच जानेवारी १९२४ मध्ये पशुरोगांविषयीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जागतिक पशुआरोग्य संघटना ती हीच. आयात करणारा देश आणि निर्यात करणारा देश यांपैकी धोका नेहमी एकाच बाजूला असतो, हा समज त्या घटनेने खोटा ठरविला.

नियमांची मांडणी

भारतात या विषयावर एकच कायदा नाही. चार-पाच कायद्यांचे धागे एकत्र येतात, आणि अर्जदाराची पहिली अडचण कोणत्या दारी जावे हीच असते. ही विखुरलेली मांडणी सुटसुटीत व्हावयास हवी, हे मान्य करावे लागेल. तूर्त तिचे स्वरूप समजून घेणे उपयोगाचे आहे.

सर्वांत जुना कायदा १८९८ चा पशुधन आयात अधिनियम होय. सांसर्गिक रोगाची शक्यता असलेल्या जनावरांच्या आयातीवर बंधने घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला त्यान्वये मिळतो. २००१ साली झालेल्या दुरुस्तीने पशुजन्य पदार्थही त्याच्या कक्षेत आले. मांस, अंडी, दूध, गोठविलेले वीर्य, भ्रूण इत्यादी वस्तू आता ‘सॅनिटरी इम्पोर्ट परमिट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परवान्यावाचून आणता येत नाहीत. आणलेला माल पशु संगरोध केंद्र असलेल्या ठरावीक बंदरांवर व विमानतळांवरच उतरवावा लागतो. मुंबई हे त्यांपैकी एक. या कायद्याचा रोख नकळत येणाऱ्या जंतूवर आहे. उत्तम जातीच्या वळूच्या वीर्याच्या कांडीतून रोग येऊ शकतो, हे गोपालनाची हौस असलेल्या मंडळींनी विसरता कामा नये. परदेशातून परतणाऱ्या आप्ताच्या सामानातून उबवणीची अंडी किंवा वीर्याच्या कांड्या मागविणे ही नुसती हौस राहत नाही.

जाणूनबुजून आणलेल्या जंतूसाठी मुख्य नियम आहेत ते ५ डिसेंबर १९८९ रोजी, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये प्रसिद्ध झालेले. घातक सूक्ष्मजीव व जनुकीय बदल केलेले जीव यांची निर्मिती, वापर, आयात, निर्यात व साठवण यांना ते लागू होतात. जनुकीय बदलांचा उल्लेख असल्यामुळे हे नियम केवळ बीटी कापसासारख्या विषयांपुरते आहेत असा समज आढळतो. तो बरोबर नाही. निसर्गात आढळणारे, कोणताही बदल न केलेले घातक रोगजंतूही त्यांत समाविष्ट आहेत. या नियमांनुसार केंद्रीय मूल्यमापन समितीच्या मान्यतेवाचून असे जंतू आयात करता येत नाहीत, विकता येत नाहीत आणि त्यांची वाहतूकही करता येत नाही. संशोधनासाठी रोगकारक जंतूंचा वापर अधिसूचित प्रयोगशाळांतच करावयाचा असतो. मान्यता प्रथम जास्तीत जास्त ४ वर्षांची असते आणि पुढे दरवेळी २ वर्षांनी वाढविता येते. कायमचा परवाना असा नाहीच.

तयार लस आयात करावयाची असेल तर ती औषध ठरते व औषधे आणि सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० लागू होतो. आपल्याकडील जंतू परदेशी संस्थेला द्यावयाचा असेल तर जैविक विविधता अधिनियम, २००२ पाहावा लागतो, कारण सूक्ष्मजीव हीदेखील देशाची जैविक संपत्ती होय.

अर्ज तपासताना विचारले जाणारे प्रश्न मात्र कोणत्याही देशात जवळपास सारखेच असतात. जंतू कोणता आणि त्याचा नेमका वाण कोणता? तो देशात आधीपासून आहे काय? असल्यास देशातील संग्रहातून तो मिळणार नाही काय? हरियाणातील हिसार येथे पशुवैद्यकीय जंतूंचा राष्ट्रीय संग्रह आहे, तेव्हा हा प्रश्न औपचारिक नव्हे. पुढे, तो हाताळणारी प्रयोगशाळा जैवसुरक्षेच्या चार पातळ्यांपैकी कोणत्या पातळीची आहे, काम संपल्यावर उरलेला जंतू कसा नष्ट करणार, दुसऱ्या संस्थेला तो परस्पर देणार काय? वाहतुकीसाठी तिहेरी आवरण लागते. आतील गळती न होणारी कुपी, तिच्याभोवती शोषक पदार्थासह दुसरे घट्ट पात्र आणि बाहेरून मजबूत पेटी अशी ही रचना असते. केवळ जनावरांना घातक असलेल्या जंतूंच्या पेटीवर संयुक्त राष्ट्रांचा २९०० हा क्रमांक असतो व माणसालाही घातक असलेल्यांवर २८१४. विमानतळावरील हमालाला लॅटिन नाव वाचता आले नाही तरी हा क्रमांक त्याला पुरेसे सांगतो.

परवाना असूनही

ब्रिटनमध्ये पशुरोगजंतूंच्या आयातीसाठी १९८० चा आदेश आहे आणि देशांतर्गत साठवणीसाठी स्वतंत्र आदेश आहे. तरीही ऑगस्ट २००७ मध्ये सरे परगण्यात लाळ्या खुरकूत उद्भवला. विषाणू तपासता तो १९६७ च्या साथीतून वेगळा केलेला, प्रयोगशाळांत वापरला जाणारा जुना वाण निघाला. जवळच पिरब्राइट येथे एक संशोधन संस्था व एक लसनिर्मिती कारखाना एकाच आवारात होते. दोघांकडे परवाने होते. चौकशीअंती संशय स्थिरावला तो जुन्या, गळक्या सांडपाण्याच्या नळांवर. अतिवृष्टी झाली, माती भिजली, आवारातील बांधकामाची वाहने ती माती घेऊन रस्त्यावर गेली. नळ दुरुस्त करणे आवश्यक असल्याचे आधीच माहीत होते, ते काम रखडले होते. एकूण आठ ठिकाणी रोग पोहोचला. परवाना देणारे, तपासणी करणारे आणि संस्थेला पैसा पुरविणारे खाते एकच होते, ही बाब पुढे टीकेचा विषय झाली आणि तपासणीचे काम दुसऱ्या यंत्रणेकडे सोपविण्यात आले. अत्याधुनिक दालने आणि गळके गटार एकाच आवारात असू शकतात, हे तेथील अधिकाऱ्यांना महागात पडून कळले.

दुसरी घटना चीनमधील लांझोऊ शहराची. २०१९ च्या उन्हाळ्यात ब्रुसेलोसिसची लस तयार करणाऱ्या कारखान्यात बाहेर सोडल्या जाणाऱ्या हवेसाठी मुदत संपलेले जंतुनाशक वापरले गेले. जंतू हवेत मिसळले आणि वाऱ्याच्या दिशेने पसरले. १० हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत संसर्ग आढळला. ज्या रोगाची लस आपल्या कालवडींना दिली जाते, त्याच रोगाची ही गोष्ट आहे.

या दोन्ही ठिकाणी चूक आयातीच्या क्षणी झाली नाही. जंतू आत येऊन, कागदपत्रे फाइलला लागून बराच काळ लोटल्यावर ती झाली. भारतात २००९ च्या पशूंमधील संसर्गजन्य व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमात याची तरतूद आहे. लस, रक्तद्रव किंवा निदान साहित्य तयार करणाऱ्या अथवा त्यावर संशोधन करणाऱ्या प्रत्येक संस्थेने अनुसूचित रोगाचा जंतू बाहेर पडणार नाही याची खबरदारी घ्यावयाची, आणि तो बाहेर पडलाच तर संबंधितांना सावध करावयाचे, असे बंधन त्यात घातले आहे.

जिल्हा आणि पंचायत

१९८९ च्या नियमांत आवश्यक त्या जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असावी असे म्हटले आहे. घातक सूक्ष्मजीव वापरणाऱ्या संस्थांना भेट देणे, धोक्यांची माहिती मिळविणे आणि अपघात घडल्यास आवाराबाहेर काय करावयाचे याची योजना तयार ठेवणे ही तिची कामे होत. जालन्यासारख्या जिल्ह्यात मोठी लसनिर्मिती नाही म्हणून या तरतुदीकडे दुर्लक्ष होणे साहजिक आहे. तथापि महाविद्यालयीन प्रयोगशाळा, कुक्कुटपालन उद्योगाच्या खाजगी तपासणी शाळा, बी-बियाणे कंपन्यांची संशोधन केंद्रे यांचा विस्तार होत असताना कोणत्या आवारात काय वाढविले जाते याची नोंद जिल्ह्याच्या ठिकाणी असणे इष्ट आहे.

पंचायतीचा संबंध २००९ च्या अधिनियमाने येतो. जनावराला अनुसूचित रोग झाल्याचा संशय आला तर मालकाने ग्राम अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळवावे, आणि तेथून ही माहिती जवळच्या पशुवैद्यकास लेखी जावी, असा क्रम आहे. तो का महत्त्वाचा आहे हे नवापूरने दाखविले. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांची मोठ्या प्रमाणावर मर झाली. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला भारतातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. असा विषाणू सुरक्षितपणे हाताळू शकणारी प्रयोगशाळा देशात होती, म्हणून निदान देशातच झाले.

२०२२ च्या लम्पी चर्मरोगाने याच विषयाची दुसरी बाजू पुढे आणली. साथ पसरत असताना परदेशी लस आणा, असा आग्रह सुरू होणे स्वाभाविक होते, कारण ज्याची बैलजोडी दावणीला पडून आहे त्याला परवान्याच्या पायऱ्या सांगून समाधान होत नाही. प्रत्यक्षात देशात उपलब्ध असलेली शेळ्यांच्या देवीची लस वापरण्यात आली. हा विषाणू लम्पीच्या विषाणूचा जवळचा नातलग आहे. त्याच वेळी रांची येथील रोगी जनावरातून मिळालेल्या विषाणूपासून हिसार व इज्जतनगर येथील संस्थांनी ‘लम्पी-प्रोव्हॅक’ ही लस विकसित केली, व डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या उत्पादनासाठी पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेबरोबर करार झाला. देशातील जंतू देशातच वेगळा करून जपला की आयातीचा प्रश्नच उरत नाही. त्यासाठी पहिला नमुना वेळेवर पोहोचावा लागतो, आणि तो कोणत्या तरी गावातूनच निघतो.

नमुना घेण्याचे काम पशुवैद्यकाचेच. उत्साही माणसाने रोगी जनावराच्या गाठीचा तुकडा बाटलीत भरून कुरिअरने पाठविणे किंवा एस.टी.च्या वाहकाकडे सोपविणे यात मदत नसून धोका आहे. फाशी रोगाचा संशय असेल तर मेलेले जनावर फाडावयाचेच नसते. हवा लागताच त्या जंतूचे टणक बीजाणू बनतात आणि ते वर्षानुवर्षे मातीत टिकतात. अशी शवे न कापता, कातडे न काढता खोल पुरावीत किंवा जाळावीत. शाळेतील विज्ञान शिक्षकांनी जिवाणू वाढविण्याचे प्रयोग दह्यातील जिवाणूंपुरते ठेवावेत आणि आजारी जनावराचे दूध वा रक्त त्यासाठी कधीही घेऊ नये.

एस १९ लस देताना आणखी काही गोष्टी पाळाव्या लागतात. ती जिवंत जंतूची असल्यामुळे गोऱ्ह्यांना आणि गाभण गाईंना देत नाहीत. टोचताना सुई हाताला लागल्यास किंवा थेंब डोळ्यात उडाल्यास लस टोचणाऱ्यालाही रोग होऊ शकतो, म्हणून हातमोजे व चष्मा हवा, आणि असे काही घडल्यास लगेच डॉक्टरांना गाठून लशीचे नाव सांगावे. टोचलेल्या प्रत्येक कालवडीच्या कानातील १२ अंकी बिल्ल्याची नोंद करावयाची असते. उरलेल्या लशीची कुपी, वापरलेली सुई आणि कापूस उकिरड्यावर न टाकता मोजून परत दवाखान्यात न्यावयाचा असतो, व तेथे तो निर्जंतुक करून नष्ट केला जातो. लसीकरणाच्या दिवशी कुप्या किती आल्या आणि किती परत गेल्या हे ग्रामपंचायतीच्या एखाद्या सदस्याने पशुधन पर्यवेक्षकाबरोबर बसून पडताळून पाहिले, तर त्याला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.